‘म्हणजे’ वजा जाता

संस्कृती आणि अस्मिता या विषयावरच्या पॉडकास्टची मी निर्माती आहे, असे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर आणि संशय एकाच वेळी उमटतात. आदर संस्कृतीमुळे आणि संशय पॉडकास्टमुळे. मी दिवसभर ‘आपण कोण आहोत’ या प्रश्नावर चिंतन करत असणार, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात माझा दिवस ‘पंखा कोणी चालू ठेवला’ या प्रश्नावर चिंतन करण्यात जातो.

मुळात या माध्यमाचीच ओळख थोडी अडचणीची आहे. २००४ साली बेन हॅमरस्ली या पत्रकाराने, या नव्या प्रकाराला काय म्हणावे याची चाचपणी करताना जे शब्द सुचवले, त्यांत आयपॉड हे गाणी ऐकायचे खिशातले यंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रसारण यांची मोट बांधलेला ‘पॉडकास्टिंग’ हाही एक होता. पुढे २०२२ साली आयपॉडच बंद झाला. ज्याचे नाव लावायचे तो गेला, आणि आम्ही मात्र त्याचे नाव लावून लोकांना त्यांची मुळे विचारत हिंडतो.

‘ओळख’ हा शब्द मराठीत फारच राबवून घेतला जातो. परिचय म्हणजे ओळख, अस्मिता म्हणजेही ओळख, आणि रस्त्यात नुसती मान हलवण्यापुरता संबंध असला तरी तीही ओळखच. या तिन्ही ओळखी मला भागाच्या सुरुवातीच्या चाळीस सेकंदांत बसवाव्या लागतात. गेल्या भागाचे पाहुणे एक निवृत्त भाषाशिक्षक होते. ‘दोन भाषांच्या सीमेवर वाढलेले ज्येष्ठ भाषातज्ज्ञ’ असे मोठ्या प्रेमाने लिहून मी मजकूर त्यांच्याकडे पाठवला.

“सीमेवर कशाला? मी घरात वाढलो,” त्यांनी फोनवर सांगितले. “आणि तज्ज्ञ नको, शिक्षक म्हणा. ज्येष्ठ तर मुळीच नको, ते आवाजावरून कळेलच.”

‘निवृत्त’ या शब्दाबाबत, माणूस नक्की कशातून निवृत्त होतो, यावर पंधरा मिनिटे चर्चा झाली आणि तोही शब्द गेला. अखेरीस ओळखीत सरांचे नाव आणि ‘आहेत’ हे क्रियापद एवढेच उरले.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मला नेहमी वाटते की हा विषय मायक्रोफोनच्या शत्रूने निवडलेला असावा. प, फ, ब, भ उच्चारताना ओठांतून सुटणारा हवेचा झोत थेट मायक्रोफोनच्या आतल्या पडद्यावर आदळतो आणि ध्वनिमुद्रणात कोणी उशी आपटल्यासारखा धप्प आवाज येतो. आता भाषा, भूमी, परंपरा, पूर्वज, भावना, बोली, भेदभाव हे शब्द टाळून कोणी अस्मितेवर बोलून दाखवावे! झोत अडवायला मधे जाळी लावली, तरी ‘संस्कृती’ आणि ‘अस्मिता’ यांतले ‘स’कार शिट्टी घालायला मोकळेच असतात. त्यात फ्रीजची घरघर. ती थांबवण्यासाठी मी फ्रीज बंद करते आणि आपल्या दाराची किल्ली त्यातच ठेवते, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही युक्ती माझी नव्हे, या धंद्यातली जुनी आहे. किल्ली फ्रीजमध्ये ठेवली आहे हे विसरून पाऊणतास शोधाशोध करण्याची भर मात्र माझी.

मुलाखत संपल्यावर मी हात जोडून विनंती केली, “सर, आता एक मिनिट सगळ्यांनी शांत राहू या.”

सर तत्काळ उठून उभे राहिले. मान खाली घालून हळूच म्हणाले, “कोण गेले?”

कोणीही गेलेले नव्हते. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि बोलण्यातला तुकडा कापला की त्या जागी निव्वळ पोकळी ठेवून चालत नाही, कानाला तिथे खड्डा पडल्यासारखे वाटते. म्हणून त्याच खोलीची शांतता भरून घेऊन ती ठिगळासारखी लावावी लागते. हे मी समजावून सांगितले. सरांनी समजून घेतले आणि तरीही उभेच राहिले. त्यामुळे आमच्याकडची त्या भागाची शांतता काहीशी दुखवट्याची आहे.

(मुलाखतीतले सर्वांत सुंदर वाक्य यंत्र बंद झाल्यावर, चपला घालताना उच्चारले जाते. ते या वेळीही उच्चारले गेले. त्याबद्दल बोलण्याइतकी मी अजून सावरलेले नाही.)

खरी परीक्षा संकलनात होती. सरांना ‘म्हणजे’ म्हणायची सवय. वाक्याच्या आरंभी म्हणजे, मधे म्हणजे, आणि वाक्य संपल्यावर, पुढचे सापडेपर्यंत, एक लांबलेला ‘म्हणजेऽऽ’. पाऊण तासाच्या मुलाखतीत मी १४१ मोजले. दोन रात्री जागून, हेडफोनने कान लाल करून घेत, मी ते एकेक वेचून काढले, प्रत्येक जागी दुखवट्याची शांतता भरली, चढे आणि पडके आवाज एका पातळीवर आणले आणि निर्मळ, अस्खलित, झऱ्यासारखे वाहणारे सर पाहुण्यांच्या घरी तपासणीसाठी पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. भाग फार छान झाला आहे, असे ती तीन वेळा म्हणाली, त्यावरूनच मी ओळखले. “फक्त ते बाबा वाटत नाहीत हो. बाबांचे कोणीतरी वकील बोलत आहेत असे वाटते.”

ज्या भागाचे नाव ‘माणसाची बोली हीच त्याची ओळख’ असे मीच ठेवले होते, त्यातून मी बोलीच काढून टाकली होती. सूत्रसंचालकांचे मत पडले की ऐकणाऱ्याला सुबक बोलणे आवडते. माझे मत पडले की ऐकणाऱ्याला सरांची मुलगी भेटलेली नाही. शेवटी किती ‘म्हणजे’ परत घालायचे हे ठरवण्यासाठी सरांनाच बोलावले. ते येऊन बसले, डोळे मिटले, आणि मी बटण दाबले.

दाबले ते चुकीचे. कापलेले तुकडे फेकून देण्याचे धैर्य मला कधीच होत नाही, म्हणून ते सगळे मी एका निराळ्या पट्टीवर ओळीने लावून ठेवते. खोलीत सरांचा आवाज घुमू लागला: म्हणजे. म्हणजे. म्हणजेऽऽ. म्हणजे, म्हणजे. मी थांबवायला धावले, तर त्यांनी डोळे न उघडताच हाताने मला अडवले. १४१च्या १४१ त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले,

“म्हणजे, हा मात्र मीच.”