आधी दोरी सोडा

देवळातल्या घंटेवरचा तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. कॅडमियम, शिसं, निकेल, क्रोमियम मिसळून घंटा ओततात, तिचा नाद बरोबर सात सेकंद टिकतो आणि सात चक्रं जागी होतात वगैरे. चक्रांचं ज्याचं त्याने बघावं. पण शिसं घातलं की घंटा बद्द वाजते. घंटेचा धातू म्हणजे कासं. शंभर किलोत साधारण ७८ किलो तांबं आणि २२ किलो कथील. कथील कमी पडलं तर नाद बसका, जास्त झालं तर घंटा काचेसारखी तडकते. देवघरातली घंटी बहुधा पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. ती किणकिणते आणि गप्प होते. काशाची मोठी घंटा मिनिटभर घुमते; सात सेकंदांत थांबली तर तिचं काहीतरी बिनसलंय.

ऐकायची तर वसईच्या स्वारीतली घंटा ऐका. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिकडच्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे, नाशिकला नारोशंकराच्या घंटेवर १७२१, वाईजवळ मेणवलीला १७०७. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती टांगलीय कृष्णेच्या घाटावर, शंकराच्या देवळापाशी! चर्चची घंटा सकाळ-दुपार-संध्याकाळ प्रार्थनेची वेळ सांगते, कुणी गेलं तर तेही सांगते. आपल्याकडे 'आगमार्थं तु देवानां' म्हणत पूजेच्या आधी घंटा वाजवायची: देवांनी यावं, राक्षसांनी जावं. म्हणजे तिकडे ती गावाला हाक मारायची, इथे देवाला मारते.

वाजवण्याची रीत मात्र बदलली, आणि घंटेचे हाल तिथे सुरू होतात. चर्चमध्ये आडव्या तुळईला बांधलेली अख्खी घंटा झुलते. देवळात घंटा जागच्या जागी, ओढायचा तो आतला लोलक. त्यामुळे टोल वर्षानुवर्षं त्याच एक-दोन जागी पडतो. काठाला आतून हात लावून बघा, तिथे चपटा खड्डा लागेल. तो वाढायच्या आत घंटा उतरवून पाव फेरा फिरवायची आणि पुन्हा टांगायची. एवढं केलं की टोलाला नवी जागा मिळते.

टोल पडायला हवा काठाच्या जरा वर, जिथे धातू सगळ्यात जाड असतो तिथे. लोलकाची दांडी लांब झाली तर ओठाचे टवके उडतात. आखूड झाली तर मार पोटावर, पातळ भागावर बसतो आणि पातेल्यासारखा आवाज येतो. लोलक मऊ लोखंडाचा हवा. झिजायचं तर लोलकाने झिजावं, तो बदलता येतो. वजन घंटेच्या तीन ते पाच टक्के पुरतं. शंभर किलोच्या घंटेला चार किलो. 'आवाज वाढवायला' दहा किलोचा पोलादी गोळा अडकवणं म्हणजे तडा मागून घेणं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दोरी ओढून धरून ठेवणं. टोल पडला की लोलक मागे यायला हवा. तो काठाला टेकून राहिला की घंटा थरथरत त्याच्यावरच आपटत राहते, आणि तडा जायचा तो असा जातो. आरतीला चार पोरं दोरीला लोंबकळतात तेव्हा हेच चाललेलं असतं.

तडा गेला की नादात चरचर येते. मग कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावू नका. एवढं कथील असलेलं कासं ठिसूळ असतं. अख्खी घंटा भट्टीत हळूहळू तापवून न घेता टाका मारला, तर टाक्याच्या शेजारी नवा तडा जातो. आणि ऑइल पेंट? रंगाचे जाड थर वरचे बारीक स्वर खातात, अक्षरंही बुजवतात. हिरवट थर घासून काढायच्या फंदातही पडू नका, साल आणि अक्षरं त्याबरोबर झिजतात.

वर्षातून एकदा टॉर्च घेऊन आत बघा. लोलक ज्या कड्यात अडकवलाय ते कडं लोखंडावर लोखंड घासून बारीक होत जातं. पूर्वी तिथे चामड्याची वादी असायची. देवळात चामडं चालत नसेल तर नायलॉनचा बुश बसवा. कडं निम्म्यावर आलं की लगेच बदलायचं, कारण ते तुटलं तर लोलक थेट खाली नमस्काराला वाकलेल्याच्या डोक्यात येतो.