फाटक बंद दिसलं की गेटमनला शिव्या देणाऱ्यांसाठी

आज सांगोल्याच्या अलीकडे एका रेल्वे फाटकावर जे बघितलं त्याने डोकं फिरलंय. लांबलं तर लांबलं, पण लिहिणार.

फाटक पडलेलं. उसाची डबल ट्रॉली नीट आपल्या बाजूला रांगेत उभी. मागून एक पांढरी गाडी आली, रांग सोडून उजवीकडून पुढे घुसली आणि दांड्याला नाक लावून उभी राहिली. तिच्यामागे टेंपो, टेंपोमागे जीप. पलीकडेही हुबेहूब तेच. दोन दुचाकीवाले गाड्या तिरक्या करून दांड्याखालून निघून गेले. आणि पांढऱ्या गाडीतले साहेब काच खाली करून ओरडतायत, "गाडीचा पत्ता नाही, उघड की! झोपलास काय?"

साहेब, गाडी दिसत नाही म्हणूनच फाटक बंद असतं. दिसायला लागल्यावर बंद करून उपयोग काय?

इंटरलॉक म्हणजे सिग्नलशी जोडलेल्या फाटकाचं काम असं चालतं. स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन दांडे पाडून कुलूपबंद करतो. दोन्ही दांडे पडून लॉक झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही, मास्तरने कितीही बटण दाबलं तरी. इंटरलॉकिंग नसलेल्या फाटकावर गेटमन आपल्या तक्त्यातला पुढचा प्रायव्हेट नंबर, म्हणजे फाटक बंद केल्याची खूण, मास्तरला सांगतो, दोघेही तो वहीत लिहितात, मग पुढचं. ड्रायव्हरला गेट सिग्नलच्या १ किलोमीटर आधी डिस्टंट, म्हणजे आगाऊ सूचना देणारा, सिग्नल असतो, आणि तोही लांबून हिरवा दिसायला हवा, नाहीतर तो ब्रेक धरणार. म्हणजे गाडी दोन किलोमीटरवर असतानाच सगळं बंद आणि लॉक झालेलं हवं. ताशी १०० ने दोन किलोमीटर म्हणजे ७२ सेकंद. भरलेली मालगाडी चार-पाच हजार टनांची असते, ती साहेबांसाठी जागच्या जागी थांबत नाही.

बरं, सिग्नल दिल्यावर गेटमनला दया आली तरी उघडता येत नाही. सिग्नल पुन्हा लाल करायचा, मग ठरावीक वेळ, बहुतेक ठिकाणी दोन मिनिटं, फाटकाची किल्ली सुटतच नाही. मुद्दाम तशी केलेली असते, कारण हिरवा बघून ड्रायव्हर आत आलेला असू शकतो.

लगेच कुणीतरी लिहील, "आमच्या बार्शी लाईटच्या, म्हणजे जुन्या छोट्या रेल्वेच्या, काळात असं नव्हतं." नव्हतंच. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत २१ मैलांची लाईन टाकली तीच हलकी म्हणून. रूळ ७६२ मिलिमीटर अंतरावर, एका आसावर भार ५ टन. पुढे पंढरपूर झालं, लातूर झालं, १९२७ ला मिरज गाठली, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. कुर्डुवाडीला मोठ्या लाईनचा माल पोत्यापोत्याने उतरवून छोट्या डब्यात भरावा लागायचा, आणि मिरजेला १९७१ नंतर बरीच वर्षं तीन गेज, म्हणजे तीन रुंदीचे रूळ, एका जंक्शनात नांदत होते. त्या गाडीपुढून बैलगाडी निवांत जायची. पण २००० नंतर टप्प्याटप्प्याने ती लाईन ब्रॉडगेज झाली, वर २५ हजार व्होल्टची तार आली, आणि आपण मात्र अजून त्याच छोट्या गाडीसमोर उभे असल्यासारखे वागतो. वाटेत अडथळा आला तर ड्रायव्हरला आवाजाने सावध करायला रुळावर फटाके लावायचा नियम आहे ना, नॅरोगेजला तो ४०० मीटरवर एक आणि ८०० वर तीन असा होता. ब्रॉडगेजला ६०० वर एक आणि १२०० वर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. फरक यातच कळतो.

आता मुद्द्याचं. साहेबांचा दुसरा आरडाओरडा होता, "एक गेली ना, आता तरी उघड!" कुर्डुवाडी-मिरज सिंगल लाईन आहे. समोरासमोरच्या गाड्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडणार. पहिली लुपात, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, शिरते ती सावकाश. शेवटचा डबा फाऊलिंग मार्कच्या, म्हणजे शेजारच्या रुळावरच्या गाडीला न घासण्याच्या खुणेच्या, आत आलाय हे बघायचं, सांधे फिरवून लॉक करायचे, पुढच्या स्टेशनकडून लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घ्यायची, मग दुसरीला सोडायचं. फाटक स्टेशनाला लागून असेल तर एक गाडी त्यावरून आत येते आणि काही मिनिटांत दुसरी त्याच फाटकावरून बाहेर जाते. मधल्या वेळात मास्तरची परवानगी घेऊन उघडता येतं, अनेक गेटमन उघडतातही. पण कधी? दोन्हीकडे वाहनं आपापल्या डाव्या बाजूलाच रांगेत असतील तेव्हा. तशी असली तर दोन मिनिटांत फाटक मोकळं होतं.

आणि पांढऱ्या गाडीसारख्या चार गाड्या समोरासमोर आल्या की? दांडा उठतो, दोन्ही बाजू एकदम आत घुसतात आणि रुळाच्या मधोमध नाकाला नाक. मागे जायला जागा नाही. गेटमन शिट्टी मारतोय, आणि तिकडे गाडी लाल सिग्नलला उभी, कारण फाटक बंद होत नाही. ती उभी म्हणून तिच्यासाठी पुढच्या स्टेशनात थांबलेलीही उभी. हे एकदा अनुभवलेला गेटमन पुन्हा मधे कशाला उघडेल? साहेब, तुम्हीच ते फाटक बंद ठेवलंत.

आणि दुचाकीवाले. जाता जाता दांडा मोडला की सिग्नलशी असलेलं इंटरलॉकिंग तुटतं. मग सरकता दांडा किंवा साखळी-कुलूप लावून काम चालवायचं. 'जी' पाटीच्या गेट सिग्नलला प्रत्येक गाडी दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून मग हळूहळू पुढे सरकणार, दुरुस्तीवाले येईपर्यंत. रेल्वे कायद्याच्या १६० कलमात दांडा मोडायला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुणाला झालेली ऐकलीय?

गेटमन मात्र एकटा. कमी वर्दळीच्या फाटकांवर बारा-बारा तासांची ड्युटी. दांडा पाडणं-उठवणं एवढंच काम नसतं त्याला. रूळ आणि चेकरेल (रुळाच्या आत बसवलेला जोडरूळ) यांच्यातली फट ५१ ते ५७ मिलिमीटरची, चाकाची कड त्यातून जाते, ती फट त्याने साफ ठेवायची. उसाची कांडं, चिखल, खडी त्यात बसून टायरांनी दाबली की दगडासारखी घट्ट होतात. आज साहेबांच्या शिव्या ऐकताना तो हातात सळई घेऊन तेच खरवडत होता. मान वर केली नाही. वाईट वाटलं, खरंच.

हो, मान्य, अ‍ॅम्ब्युलन्स अडकते तेव्हा जीव कासावीस होतो. पूल हवेत. पण रेल्वे त्यासाठी टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) मोजते: दिवसाच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, त्यात मोटार आणि बैलगाडी १, रिक्षा अर्धी, मोटारसायकल पाव. एक लाख भरले की पूल रेल्वे आणि राज्य सरकारच्या खर्चवाटणीत बसतो. छोट्या फाटकांचे आकडे तिथवर जात नाहीत, म्हणून तिथे भुयारी मार्ग खणतात. पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी, आणि भरलेली ट्रॉली उंचीला बसत नाही ती नाहीच. त्याबद्दल जरूर भांडा, मीही येतो. पण गेटमनशी नाही, त्याने ते खणलेलं नाही.

ट्रॅक्टरवाल्या भावांनो, गाळप चालू आहे म्हणून तुमच्यासाठी. फाटकाच्या दोन्ही बाजूंची उंचीची कमान ४.६७ मीटरवर आहे. तिला मोळी घासली की उतरवून कमी करा, वाकवून घुसवू नका, आणि मोळीवर बसलेल्या माणसांना आधी खाली उतरवा. वरच्या तारेला हात लागायची गरज नसते, जवळ गेलं तरी ती ओढते. चढ संपायच्या आत गिअर बदलू नका, पुढची चाकं उचलतात ती तिथेच. आणि पुढचा रस्ता दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या चाकापर्यंत मोकळा दिसल्याशिवाय रुळावर चढूच नका. अडकलात तर पहिलं काम गेटमनला सांगणं, तो सिग्नल लाल करून दोन्ही स्टेशनांना फोन करेल. लाईन सिंगल आहे, गाडी कुठूनही येऊ शकते, म्हणून तुमच्यातला एक जण इकडे आणि एक तिकडे लाल कापड घेऊन पळू द्या. पिन निघत असेल तर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर बाहेर काढा. निघत नसेल तर तोही सोडा आणि लांब व्हा.