आईला व्हिजिटर म्हणणाऱ्या एनआयसीयूंबद्दल

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगते. वेळ असेल तर वाचा, घरात कुणाचं बाळ लवकर झालं असेल तर नक्की वाचा.

माझ्या धाकट्या बहिणीला तिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. मुलगी, वजन सव्वा किलोच्या आसपास. हॉस्पिटल नावाजलेलं (नाव घेणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका), डॉक्टर हुशार, सिस्टर तर देवमाणसं. सीपॅप (श्वासाला आधार देणारं मशीन) लावला, सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी राहायचं औषध) दिलं, बाळ वाचलं ते त्यांच्यामुळेच, त्यात वाद नाही. पण एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, दारावर पाटी होती, भेटण्याची वेळ सकाळ-संध्याकाळ, फक्त दहा मिनिटं. कुणाला? तर आईवडिलांना! म्हणजे पोटात वाढवलं ती बाई आता व्हिजिटर. टाके ओले असताना व्हीलचेअरवरून यायची, काचेतून बघायची, पंपाने काढलेलं दूध डबीवर नाव आणि वेळ टाकून सिस्टरच्या हातात द्यायची की परत वॉर्डात. आजूबाजूच्या कॉटवर सगळ्यांची बाळं रडतायत आणि ही पंप धुवत बसलेली.

विचारलं की उत्तर ठरलेलं, इन्फेक्शन होईल मॅडम. अहो पण कुणामुळे? हात धुतलेल्या आईमुळे? आता यावर चांगला मोठा अभ्यास झालाय, डब्ल्यूएचओने केलेला, 2021 मध्ये छापून आला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्याकडे दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल. 1 ते 1.8 किलोची तीन हजारांवर बाळं घेतली. निम्म्यांना नेहमीसारखं, म्हणजे तब्येत स्थिर झाल्यावर आईच्या छातीवर द्यायचं, आणि निम्म्यांना जन्मल्यापासूनच, दिवसाला साधारण 17 तास. लगेच दिलेल्या गटात पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी, आणि ज्या इन्फेक्शनची भीती घालतात तेही कमीच निघालं. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मध्येच थांबवला, कारण दुसऱ्या गटाला यापासून लांब ठेवणंच चुकीचं ठरलं असतं. त्यासाठी सफदरजंगला आईची कॉट एनआयसीयूच्या आतच टाकली, आई आणि बाळ एकाच खोलीत, दोघांची ट्रीटमेंट तिथेच. सरकारी हॉस्पिटलला, तेही तेवढ्या गर्दीत, जमतं आणि लॉबीत ग्रॅनाइट आणि कॉफी मशीन लावणाऱ्यांना आत दोन आरामखुर्च्या टाकायला जागा नाही, हे मला काही पटत नाही.

बाळ असं उघड्या छातीवर ठेवणं, म्हणजेच कांगारू केअर, हे फॅन्सी परदेशी खूळ वाटतं आपल्याकडे अनेकांना. उलट आहे. 1978 च्या सुमाराला कोलंबियात बोगोटाच्या सरकारी हॉस्पिटलात इनक्युबेटर कमी आणि बाळं जास्त, एकेका पेटीत दोन-दोन बाळं, इन्फेक्शनने जायची, तेव्हा एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर दिली. गरिबीतून निघालेली गोष्ट आहे ही. आपल्या मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक काढली तीही महापालिकेच्याच हॉस्पिटलात. तर पैसे नाहीत हे कारण कुणी सांगू नये.

आमच्याकडे शेवटी एका सिनियर सिस्टरने डॉक्टरांना गळ घातली तेव्हा परवानगी मिळाली. बाळाला टोपी, मोजे, डायपर, बाकी उघडं. छातीवर उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला वळवलेली, वरून ओढणी घट्ट बांधायची. मॉनिटरवरचा सॅच्युरेशनचा आकडा जो सारखा खालीवर नाचायचा तो बऱ्यापैकी एका जागी टिकला, आणि बहीण पहिल्यांदा पोटभर झोपली, खुर्चीतच.

ती दमली की तिचा नवरा बसायचा शर्टाची बटणं काढून. सासूबाईंना ते बघवेना, "पुरुषमाणसाने कुठं असं बाळ छातीला लावून बसायचं का रे?" तर तो म्हणाला "मग तू घे आई." आणि त्यांनी खरंच घेतलं! हात कोपरापर्यंत धुऊन, बांगड्या काढून, नंतर तर उठायलाच तयार नाहीत. पळीसारख्या पलाड्याने दूध पाजायला पण सगळ्यात आधी त्याच शिकल्या, म्हणे आमच्या वेळी बोंडलं होतं, तेच की हे.

पण याच सासूबाईंच्या बहिणी, जावा घरी यायला लागल्या तेव्हा वैताग आला हो. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे तर किती जणींनी ऐकवलं. साफ चूक आहे, बाळ जितके आठवडे जास्त पोटात राहील तितकं चांगलं, सातवा-आठवा असलं काही नसतं. मग धुरी द्या, घुटी द्या, नाकात तेल सोडा. ज्या फुप्फुसांसाठी महिनाभर झगडलो त्या खोलीत ओवा जाळून धूर करायचा? बहिणीने दारातूनच नाही म्हटलं, थोडे रुसवेफुगवे झाले, होऊ देत. आणि "अजून बसत नाही का, आमचा तर सहाव्यात बसला होता" म्हणणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्या, अशा बाळाचं वय ड्यू डेटपासून धरायचं असतं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

एक गोष्ट मात्र ठळक लिहायला हवी. डोळ्यांची तपासणी. 2 किलोच्या आतलं किंवा 34 आठवड्यांच्या आधी झालेलं बाळ असेल तर जन्मानंतर 30 दिवसांच्या आत रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) तपासून घ्यायचा, फारच लहान असेल तर त्याहून आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. लवकर झालेल्या बाळांना या पडद्याचा एक आजार होऊ शकतो, आरओपी म्हणतात त्याला, वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचते, नाहीतर कायमची जाऊ शकते. वरून बघून काही कळत नाही, डोळे छान टपोरे दिसतात. डिस्चार्ज कार्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक घरी जायच्या आनंदात विसरतात, किंवा "सव्वा महिना होऊ दे, मग बाहेर काढू" म्हणतात. सव्वा महिन्याने उशीर झालेला असू शकतो!

आणि रजा. 26 आठवडे कायद्याने मिळतात बाईला, चांगलंच आहे, पण बाळ एनआयसीयूत असलं तरी घड्याळ चालूच. बहिणीची रजा संपली तेव्हा ड्यू डेटपासून धरलं तर पोरीचं वय जेमतेम चार महिन्यांचं. कायद्यात प्रीमॅच्युअर बाळंतपणाने आजारी पडलेल्या आईला आणखी एक महिना मिळू शकतो अशी तरतूद आहे, तिच्या एचआरला ती दाखवावी लागली, त्यांना माहीतच नव्हती. ती पण आईच्या आजारपणासाठी, बाळाच्या नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून बाळ आठवडाभर किंवा जास्त हॉस्पिटलात राहिलं तर आईला आणि बापाला दोघांनाही नेहमीच्या रजेव्यतिरिक्त 12 आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस आहेत, प्रायव्हेटमध्ये कंपनीची मर्जी. माझा मेव्हणा दिवसभर ऑफिस करून रात्री छातीवर लेक घेऊन बसायचा आणि सकाळी मीटिंगमध्ये पेंगायचा. मॅनेजरने विचारलं, "बायको आहे ना तिकडे, तू कशाला जातोस रोज?"