सोवळ्यातले दहा पैसे

प्रूफ नाणी जमवणाऱ्याला चोरापेक्षा पाहुण्याची धास्ती अधिक असते, कारण चोर निदान हातमोजे घालून येतो. हे नाणे खर्चण्यासाठी नव्हे, तर संग्राहकांसाठी टांकसाळीत मुद्दाम घडवलेले असते. त्याचा ठसा आणि कोरी चकती दोन्ही घासून चकचकीत करतात आणि ठसा एकापेक्षा अधिक वेळा दाबतात, तेव्हा कुठे आरशासारख्या पार्श्वभूमीवर दुधी झाक असलेले चित्र उठून दिसते. या आरशावर कोणी अंगठा टेकवला की घाम आणि तेल तेथे कायमचा मुक्काम ठोकतात, आणि ते पुसायला जावे तर ओरखडे पडतात. त्यामुळे नाण्याला केवळ कडेने धरायचे, असे सोवळे आमच्या घरात आहे आणि ते पाळणारा मी एकटाच आहे.

माझा जीव चांदीच्या रुपयांवर नसून पैशांवर आहे, आणि त्यांतही १९७४ सालच्या दहा पैशांवर. अ‍ॅल्युमिनियमचे हे पाकळ्यापाकळ्यांच्या कडेचे नाणे भरते जेमतेम सव्वादोन ग्रॅम, आणि त्यावर एक चौकोनी कुटुंब आणि कुटुंबनियोजनाचा त्रिकोण असे दोन्ही सुखाने नांदतात. मुंबईच्या टांकसाळीतल्या नेहमीच्या नाण्यावर सालाखाली टांकसाळीची ओळख म्हणून हिऱ्याची खूण असते, तिच्या जागी या प्रूफवर ‘बी’ हे अक्षर आहे. ते पाहुण्याला दाखवावे म्हणून मी भिंग पुढे करतो, आणि पाहुणा भिंग बाजूला ठेवून नाणेच उचलतो.

आमच्या मेहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो. “भाऊजी, हे चालतं का हो?” पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, हे मी त्यांना दरवेळी सांगतो. मग दहा पैशांसाठी शेकड्यांत रक्कम का मोजली, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो, आणि त्या वेळी आमची सौ. हटकून बैठकीच्या खोलीत येते. आत्याबाईंना मात्र किमतीशी देणेघेणे नाही. त्यांना नाणे चिंचेने घासून आणखी लख्ख करून द्यायचे असते. हात लागू नये म्हणून मी मोबाइलवर फोटो दाखवण्याचा तोडगा काढला, परंतु आरसाच तो, प्रत्येक फोटोत कुटुंबाच्या मागे माझे नाक पाचवे सदस्य म्हणून हजर झाले.

अखेर माझी आवड मेहुण्यांच्या मनावर पूर्णपणे ठसली. गेल्या दिवाळीत त्यांनी गावच्या घरातल्या फडताळातून काढलेले पैशांचे गाठोडे मला भेट दिले: काळवंडलेली, कडा झिजलेली, एकमेकांना घासून साल हरवलेली शेकडो नाणी, तीही आत्याबाईंकडून चिंचेने घासून आणलेली. आता ते घरी आले की प्रूफ सेटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. थेट त्या गाठोड्याची चौकशी करतात, आणि मी ते प्लास्टिकच्या डब्यांत एकेक वेगळे का ठेवले नाही, म्हणून मलाच रागावतात.