इरिव्होकेबल ट्रस्ट (एकदा केला की सहसा मागे न घेता येणारा) केला की टॅक्स शून्य? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, "मुलांच्या नावाने इरिव्होकेबल ट्रस्ट करा, दरवर्षी एका मुलामागे १९,००० डॉलर टाका, फॉर्म नाही, टॅक्स नाही, शेअर्स टाकले तर मुलांना विकतानाही काही भरावं लागत नाही." लोक यावर विश्वास ठेवून खरंच पैसे हलवतायत म्हणून लिहितेय.

१९,००० चा आकडा बरोबर आहे, २०२५ ला तोच होता आणि २०२६ लाही तोच. एका माणसाला वर्षाला तेवढ्या गिफ्टवर गिफ्ट टॅक्सातून सूट असते. पण ही सूट ज्याला गिफ्ट दिली त्याला ती लगेच वापरता येत असेल तरच मिळते. ट्रस्टमध्ये लिहिलंय की मुलीला तिशीपर्यंत काहीच मिळणार नाही, तर मग एका डॉलरचीही सूट नाही, कारण आज तिच्या हातात काहीच आलेलं नाही. यातून वाट निघाली ती अमेरिकी कोर्टातल्या १९६८ च्या क्रमी (Crummey) केसमुळे. ट्रस्टमध्ये पैसे आले की मुलांना थोडे दिवस, साधारण ३० दिवस धरा, ते काढून घ्यायचा हक्क द्यायचा, तसं पत्र पाठवायचं, मुदत संपली आणि कोणी पैसे काढले नाहीत की ते ट्रस्टमध्येच राहतात. हा हक्क ट्रस्टच्या कागदात आधीपासून लिहिलेला लागतो आणि दरवर्षीची पत्रं जपून ठेवावी लागतात, आणि नेमकं हेच त्या मेसेजमध्ये कुठेच नाही!

"फॉर्म नाही" हेही चूक. सूट न बसणारी गिफ्ट अगदी ५०० डॉलरची असली तरी पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत फॉर्म ७०९, म्हणजे गिफ्ट टॅक्सचं रिटर्न, भरायचा, आणि तो देणाऱ्याने भरायचा, मुलांनी नाही. पण म्हणून घाबरू नका, फॉर्म भरला म्हणजे टॅक्स भरावा लागतोच असं नाही, २०२६ पासून आयुष्यभराची सूट माणशी दीड कोटी डॉलर आहे, ती थोडी वापरली जाते एवढंच.

शेअर्सचं मात्र नीट ऐका. तुम्ही १०,००० ला घेतलेले शेअर्स आज ९०,००० चे असतील आणि ट्रस्टमध्ये टाकले, तर खरेदी किंमत तीच जुनी १०,००० राहते, विकले की ८०,००० च्या नफ्यावर टॅक्स. तेच तुमच्या नावावर राहून वारसाने गेले असते तर किंमत तुमच्या मृत्यूच्या दिवसाच्या भावाने नव्याने धरली असती. तुमच्या इस्टेटीतून (मागे राहणाऱ्या मालमत्तेतून) बाहेर गेलेल्या ट्रस्टला हा फायदा नाही, आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, २०२३ मध्ये हे स्पष्टच सांगितलंय.

आणि ट्रस्ट स्वतःचा टॅक्स स्वतः भरणारा असेल तर त्यात साठून राहिलेल्या उत्पन्नाला २०२५ मध्ये १५,६५० डॉलरच्या वर ३७ टक्के लागतात, नवराबायकोला एकत्र रिटर्नमध्ये तोच दर साडेसात लाखांच्या पुढे लागतो. दुसऱ्या प्रकारच्या ट्रस्टचं उत्पन्न तुमच्याच रिटर्नमध्ये येतं. शून्य कुठेच नाही.

आता काही जण म्हणतायत की पुण्यात ट्रस्ट करू, तिथे स्वस्तात होतो. भारतातले ट्रस्टी, भारतातला कायदा, म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने तो फॉरेन ट्रस्ट, पैसे पाठवले की ते कळवायचा फॉर्म ३५२० आला, आणि तो राहिला तर पाठवलेल्या रकमेच्या ३५ टक्के दंड लागू शकतो. ज्यांनी आधीच पाठवलेत त्यांनी पुढचा हप्ता थांबवून अशा केसेस करणाऱ्या सीपीएला (परवानाधारक अकाउंटंटला) आधी सगळे कागद दाखवा, प्लीज.