आजीचं कुंकू कुठं गेलं?

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. 'सरप्राइज! पणजी रंगीत!' बहिणीच्या मुलाने टाकलेला. मी उघडेपर्यंत खाली बदामांची रांग लागली होती. पाहिला, आणि चहा तसाच राहिला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल, वाचा.

१९६२च्या मे महिन्यात वाईला बाबांची मुंज झाली. आजोबांच्या एका वकील मित्राकडे एट एमएमचा कॅमेरा होता, त्यांनी हौसेने एक रीळ खर्च केलं. जेमतेम चार मिनिटं. आवाज नाही, रंग नाही. त्यात मातृभोजन आहे. मुंडावळ्या बांधलेले आठ वर्षांचे बाबा, पलीकडे अष्टवर्गाची पोरं, आणि आजी घास भरवतेय. भरवता भरवता ती वाकते, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघते आणि हसते. त्या क्षणी तिच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू दिसतं. फिल्मवर ते काळं आहे, पण आहे.

आजोबा १९६५ला गेले. माझा जन्म त्यानंतरचा. मी पाहिली ती आजी मोकळ्या कपाळाची. आम्हा मुलींना मेण लावून पिंजर लावायला तीच शिकवायची, आणि घरात हळदीकुंकू असलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची. (त्याबद्दल आता तोंड उघडलं तर दुसरी पोस्ट होईल.) कुंकू लावलेली, हलणारी, हसणारी आजी जगात फक्त त्या चार मिनिटांत आहे.

आजचा व्हिडिओ म्हणजे भाच्याने एआयकडून रंगवून घेतलेली तीच फिल्म. त्यात तिचं कपाळ कोरं आहे. यंत्राने कुंकू पुसलं.

कसं झालं ते मला कळतं. करड्या छटेवरून एखादी गोष्ट किती उजळ, किती गडद एवढंच समजतं. लाल आणि हिरवा एकाच करड्यात बसू शकतात. मग यंत्र लाखो रंगीत फोटो पाहून अंदाज बांधतं. कपाळ म्हणजे त्वचा, त्वचेवर काळा ठिपका म्हणजे डाग, डाग म्हणजे खराबी. साफ करून टाकलं. लुगडं फिकट निळं केलं, भिंती चॉकलेटी केल्या. वर मधल्या मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घातल्या, त्यामुळे आजी पाण्यात चालल्यासारखी चालते आणि घास भरवताना तिची बोटं एकमेकांत विरघळतात. ती बोटं माझ्या आजीची नाहीत हो. ती कुणाचीच नाहीत.

आणि हे घरापुरतंही राहिलेलं नाही. 'जुनी मुंबई रंगीत', 'स्वातंत्र्यपूर्व भारत फोर-के' असले व्हिडिओ रोज येतात. कुणाच्याही लुगड्याचा काठ लुगड्यापासून वेगळा दिसत नाही, सगळ्या पगड्या एकाच मातकट रंगाच्या, आणि आपण खाली लिहितो, 'अगदी जिवंत वाटतंय!' अरे, जिवंतच होती ती माणसं. त्यांनी पगडीचा रंग निवडला होता. रंगाऱ्याने तो उकळून दिला होता. तो माहीत नसेल तर नाही म्हणा, खोटा कशाला चढवता?

'मुघल-ए-आझम'चं उदाहरण कुणीतरी देईलच. २००४ला तो रंगीत करून लागला तेव्हा मीही गेले होते, आणि डोळे दिपले होते, मान्य. पण शीशमहालातलं गाणं १९६०च्या मूळ सिनेमातही रंगीतच होतं, आणि दिग्दर्शक के. आसिफना स्वतःलाच सगळा सिनेमा रंगात हवा होता. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने २०१८मध्ये पहिल्या महायुद्धाच्या फिल्म रंगवल्या, तेव्हा त्याच्याकडे त्या काळचे खरेखुरे गणवेश होते ताडून बघायला. तेही मान्य. आजीचं लुगडं बघायला आमच्या घरी कोण आलं होतं?

ज्यांना रंग हवा होता त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. आपल्या प्रभातवाल्यांनी १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायला जर्मनी गाठली. रंग फसले, पण प्रयत्न त्यांचा होता, सिनेमाही त्यांचाच होता. आणि ज्यांना कृष्णधवल साधलं होतं, त्या कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी १९५९मध्ये बाहेरचं ऊन आरशांनी स्टुडिओत आणून 'कागज के फूल'मधला तो प्रकाशाचा झोत उभा केला. त्या झोतात आता पिवळा रंग ओतायचा? संताप होतो माझा.

इथपर्यंत लिहिलं आणि भाच्याचा फोन आला. मी ग्रुपवर फक्त 'कुंकू कुठंय?' एवढंच टाकलं होतं. बिचारा रडवेला झाला होता. म्हणाला, "मावशी, मला तो डागच वाटला गं. पणजीला कुंकू लावलेलं मी कधी बघितलंच नाही." कसं बघेल? त्याने तर तिला फोटोतसुद्धा मोकळ्या कपाळाचीच पाहिलंय. तीन रात्री जागून केलं होतं त्याने, आणि आमची शहाऐंशी वर्षांची आत्या त्याचा व्हिडिओ पाहून सकाळपासून तीनदा रडली. म्हणते, आई घरात आल्यासारखी वाटली. तिला मी काय सांगू?

मग तो म्हणाला, "लुगड्याचा रंग सांग, मी दुरुस्त करतो." मी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, डाळिंबी, काठ हिरवे. काकांना विचारलं, ते म्हणाले, छे, जांभळं होतं, मीच तुळशीबागेतून आणलेल्या बांगड्या त्यावर जुळल्या नव्हत्या. दोघंही त्या दिवशी त्या अंगणात होते. दोघंही शपथेवर सांगतात.

भाच्याला म्हटलं, राहू दे बाळा, काही दुरुस्त करू नकोस. फक्त मूळ फाइल पुसू नकोस, आणि रीळ आत्याकडच्या पत्र्याच्या डब्यात आहे ते दमटपणात सडायच्या आत आपण दोघं जाऊन घेऊन येऊ. रविवारी येतोय तो.

मूळ फिल्म खाली जोडतेय. दोन मिनिटं दहा सेकंदांना आजी वाकते. कपाळाकडे बघा.