९५ टक्के, पण कुठल्या रेडिओवर?

अमेरिकेतल्या काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पोलीस-अग्निशमन दलांसाठी नवी डिजिटल वायरलेस यंत्रणा बसवली की ‘९५ टक्के भागात संपर्क’ मिळतो, असं या यंत्रणांवरच्या एका लेखात वाचलं. मोजलं कुठल्या रेडिओवर? गाडीच्या टपावरचा अँटेना आणि अग्निशमन जवानाच्या कमरेचा ३ वॅटचा हँडसेट, तोही तळघरात, यांत जमीन-अस्मानाचा फरक. टॉवरचं त्याला ऐकू येतं, त्याचं टॉवरपर्यंत पोचत नाही. म्हणून निविदेतच ‘कमरेवरचा हँडसेट, इमारतीच्या आत, दोन्ही दिशांनी’ असं लिहून घ्यायचं, नाहीतर ठेकेदार गाडी फिरवून चाचणी पास करून मोकळा.

फायर डिस्ट्रिक्टचं, म्हणजे ठरावीक भागाला अग्निशमन सेवा देणाऱ्या स्थानिक संस्थेचं, तर लेखात नावच नाही. तिथले बरेच स्वयंसेवक घरबसल्या व्हीएचएफ (८०० मेगाहर्ट्झपेक्षा बऱ्याच खालच्या फ्रिक्वेन्सीच्या) पेजरवर आगीचे कॉल घेतात. काउंटी ८०० मेगाहर्ट्झवर गेली की ते पेजर मुके! मग जुना व्हीएचएफ ट्रान्समीटर चालू ठेवा किंवा सगळे पेजर बदला. दोन्हींचा खर्च आधीच धरायला हवा. शिवाय आत शिरलेल्या तुकडीला टॉवरविना थेट बोलता येणारा साधा अ‍ॅनालॉग चॅनल राखून ठेवावा. कारण धुरात घालायच्या श्वसनयंत्राचा धोक्याचा भोंगा जवळ वाजत असला की डिजिटल आवाजाचा पार चिवडा होतो, शब्द लागत नाही.